ग्रेडियंटमध्ये पट्टे का पडतात आणि ते कसे घालवायचे

जानेवारी लागला की सोलापुरात सिद्धेश्वर यात्रेचे फ्लेक्स चौकाचौकांत चढू लागतात. बहुतेकांची मांडणी ठरलेली असते. मध्ये नंदीध्वजांचा किंवा मंदिराचा कट केलेला फोटो, खाली नावं, आणि मागे वरून खाली उजळत येणारं निळं आभाळ, म्हणजे ग्रेडियंट. कॉम्प्युटरवर ते आभाळ गुळगुळीत दिसतं. तेच वीस फुटी फ्लेक्सवर छापून होम मैदानाच्या बाजूला बांधलं, की आभाळात आडव्या पायऱ्या दिसायला लागतात. तलावाच्या घाटासारख्या, एकाखाली एक.

मग मशीनला दोष दिला जातो, शाईला दिला जातो, नाहीतर 'रिझोल्यूशन कमी होतं' असं सांगून विषय मिटवला जातो. कधीकधी मशीनची चूक असतेही. पण पुष्कळदा पट्टे फाइलमध्येच असतात, आणि ते घालवायला नवा मॉनिटर किंवा महाग सॉफ्टवेअर लागत नाही. रंगाचा आकडा नेमका कुठल्या क्षणी पूर्णांकात बसवला जातो आणि त्या क्षणाच्या आधी काय करायचं, हे कळलं की पुरतं.

पट्टा किती रुंद पडणार, याचा हिशोब

नेहमीची फाइल ८ बिटची असते. म्हणजे लाल, हिरवा, निळा या तिन्हींसाठी ० ते २५५ अशा २५६ पातळ्या. तिन्हींचा गुणाकार केला की १ कोटी ६७ लाख रंग होतात, आणि हा आकडा ऐकून 'एवढे रंग असताना पट्टे कसे पडतील' असं वाटतं. तो आकडा इथे कामाचा नाही. ग्रेडियंटला लागतात फक्त त्याच्या दोन टोकांमधले रंग, आणि ते फार थोडे असतात.

एक खरं आभाळ घेऊ. वरचा रंग लाल १०, हिरवा २०, निळा ६०. खालचा रंग लाल २६, हिरवा ४४, निळा ९२. फ्लेक्स २० फूट रुंद, १० फूट उंच, फाइल ७२ डीपीआयची, म्हणजे इंचाला ७२ पिक्सेल (चित्राचे ठिपके). उंची झाली १२० इंच, म्हणजे ८,६४० पिक्सेल. या पूर्ण उंचीत निळा ३२ पायऱ्या चढतो, हिरवा २४ आणि लाल फक्त १६. म्हणजे निळ्याची एक पायरी २७० पिक्सेलची, पावणेचार इंच. हिरव्याची ५ इंच, लालची साडेसात इंच. छापल्यावर जे पट्टे दिसतात ते हेच.

शिवाय तिन्ही रंग एकाच जागी पायरी चढत नाहीत. एके ठिकाणी निळा वाढतो आणि हिरवा थांबलेला असतो, पुढे हिरवा वाढतो आणि लाल थांबलेला असतो. त्यामुळे एका पट्ट्यात जांभळट झाक येते, पुढच्यात हिरवट. आभाळ नुसतं पायऱ्यांचं नाही, मळकटही दिसतं. बऱ्याच जणांना त्यात 'रंग बिघडलाय' असं वाटतं, पण मूळ कारण तेच आहे.

यावरून एक गोष्ट लगेच लक्षात येते. रिझोल्यूशन वाढवून काही होत नाही. ७२ ऐवजी १५० डीपीआय केलं तर पायरी २७० ऐवजी सुमारे ५६० पिक्सेलची होईल, फ्लेक्सवर मात्र ती पावणेचार इंचच राहील. पायऱ्यांची संख्या दोन रंगांतल्या अंतरावर ठरते, पिक्सेलच्या संख्येवर नाही.

डोळा आगीत तेल ओततो

एका पातळीचा फरक इतका बारीक असताना तो दिसतो तरी कसा? दोन कारणं आहेत. पहिलं, दोन सपाट छटा एकमेकींना टेकल्या की डोळा त्यांच्या सीमेवरचा फरक वाढवून दाखवतो. उजळ बाजू कडेला आणखी उजळ वाटते, गडद बाजू आणखी गडद. अर्न्स्ट माख या शास्त्रज्ञाने १८६५ साली याचं वर्णन केलं, म्हणून अशा भासणाऱ्या पट्ट्यांना माखचे पट्टे म्हणतात.

दुसरं कारण अंधाराचं. स्क्रीनवरच्या आकड्यांची मोजपट्टी प्रकाशाच्या प्रमाणात सरळ चालत नाही. नेहमीच्या एसआरजीबी रंगात राखाडी २०० वरून २०१ ला गेला तर प्रकाश जेमतेम १ टक्का वाढतो, आणि एवढा फरक डोळ्याच्या उंबरठ्यावरच असतो. पण २० वरून २१ ला गेला तर प्रकाश ७ टक्क्यांनी वाढतो. पायरी आकड्यात एकच असली तरी अंधारात ती सहापटीहून जास्त ठळक असते. म्हणून पट्ट्यांची तक्रार पिवळ्या-केशरी पार्श्वभूमीवर फारशी येत नाही. रात्रीचं आभाळ, काळ्यातून उमलणारा मरून, स्टेजच्या कोपऱ्यातली सावली, इथेच ती येते.

आधी पट्टा कुठला आहे ते ओळखा

फ्लेक्सवर तीन वेगवेगळ्या रेघा येतात आणि तिन्हींना आपण 'पट्टे' म्हणतो. तिघांचे उपाय वेगळे आहेत, त्यामुळे हे ओळखल्याशिवाय कशालाही हात लावू नये.

मशीनचा पट्टा शाई सोडणाऱ्या हेडच्या फेरीने पडतो. हेड आडवं जातं, मटेरियल पुढे सरकतं, आणि सरकण्याचं माप थोडं चुकलं किंवा एखादा नोझल बंद असला की प्रत्येक फेरीच्या कडेला पांढरी किंवा गडद रेघ उमटते. अशा रेघा समान अंतरावर असतात, हेडच्या चालीला समांतर असतात, आणि सपाट एकरंगी भागातही दिसतात. इथे फाइलला हात लावण्यात अर्थ नाही. नोझल चेक घ्यायचा, हेड साफ करायचं, फीडचं माप जुळवायचं.

फाइलचा पट्टा ग्रेडियंटच्या आकाराने जातो. ग्रेडियंट गोल असेल तर पट्टेही गोल, कांद्याच्या चकतीसारखे.

शंका असेल तर खात्रीची परीक्षा सोपी आहे. आभाळाचा दोन फूट बाय दोन फुटांचा तुकडा मूळ मापातच कापा, ९० अंशांत फिरवा आणि छापा. चित्राबरोबर पट्टेही फिरले तर दोष फाइलचा. चित्र फिरलं आणि पट्टे होत्या त्याच दिशेला राहिले तर दोष मशीनचा. चार चौरस फुटांच्या खर्चात वाद मिटतो.

तिसरी रेघ फसवी असते. तीन रंगांचा ग्रेडियंट घेतला, समजा निळा, मग जांभळा, मग केशरी, तर मधल्या जांभळ्यावर एकच उजळ किंवा गडद रेघ दिसते. तिथे पायरी नसते. रंग बदलण्याचा वेग तिथे अचानक बदलतो, आणि माखचाच परिणाम त्या मोडीवर रेघ ओढतो. ही रेघ नॉइज (यादृच्छिक बारीक दाणे) टाकून जात नाही. वळण मऊ करावं लागतं. फोटोशॉपच्या ग्रेडियंट एडिटरमध्ये 'स्मूदनेस' १०० टक्के ठेवा, किंवा मधल्या रंगाच्या दोन्ही बाजूंना एकेक जवळचा स्टॉप (रंगाचा टप्पा) वाढवा. कोडमध्ये ग्रेडियंट काढत असाल तर ० ते १ जाणाऱ्या स्थानाचा वर्ग करा आणि त्याला '३ वजा स्थानाची दुप्पट' याने गुणा. दोन्ही टोकांना चढ शून्य होतो, त्यामुळे जोड दिसत नाही.

उपायाचं मूळ: गोल करण्याआधी हलवायचं

फाइलचे पट्टे घालवण्याच्या पद्धतीला डिदर म्हणतात. ती नीट कळण्यासाठी एकच आकडा पुरतो.

आभाळात एका ओळीत निळ्याची खरी किंमत १००.३ यायला हवी. फाइलमध्ये अपूर्णांक बसत नाही, म्हणून सॉफ्टवेअर ती गोल करतं, म्हणजे जवळच्या पूर्णांकावर नेतं: १००. त्या ओळीतले सगळे पिक्सेल १००. खालच्या ओळीत १००.३१, तिचेही १००. असं करत १००.५ येईपर्यंत सगळं सपाट, आणि मग सगळ्या पिक्सेलची एकदम उडी १०१ वर. सगळे एकाच जागी उडी मारतात म्हणूनच तिथे रेघ दिसते.

आता गोल करण्याआधी प्रत्येक पिक्सेलमध्ये उणे ०.५ ते अधिक ०.५ यांमधला एक यादृच्छिक आकडा मिळवा. १००.३ मध्ये ०.२ किंवा जास्त मिळाले तर उत्तर १०१ होतं, नाहीतर १००. सरासरीने दहातले सात पिक्सेल १०० आणि तीन १०१ होतात. त्यांची सरासरी १००.३. जो आकडा फाइलमध्ये लिहिताच येत नव्हता तो शेजारच्या पिक्सेलांच्या मिश्रणातून परत मिळाला. खाली जाता जाता १०१ वाल्यांचं प्रमाण वाढत जातं आणि सीमारेषा कुठेच उरत नाही.

सोलापूरकरांना ही युक्ती नवी वाटू नये. चादरीत सूत मोजक्याच रंगांचं असतं. लाल आणि पांढऱ्याच्या मधली छटा हवी असेल तर गुलाबी सूत न लावताही जॅकार्डवर लाल आणि पांढरे ठिपके मिसळून विणता येते. जवळून पाहिलं तर दोन वेगळे धागे दिसतात, चार पावलं मागे गेलं की डोळा त्यांना गुलाबी म्हणून वाचतो. डिदरमध्ये फक्त दोन धाग्यांतलं अंतर इतकं कमी असतं, एकाच पातळीचं, की जवळूनही ठिपके कळत नाहीत.

चित्रांसाठी ही कल्पना लॉरेन्स रॉबर्ट्स यांनी १९६२ साली मांडली. कमी पातळ्यांत चित्र पाठवताना आधी नॉइज मिसळायचा, असं. त्यानंतर पद्धती वाढल्या. १९७३ मध्ये बायर यांनी ठरावीक चौकटीची पद्धत दिली: ८ बाय ८ ची ६४ आकड्यांची जाळी पूर्ण चित्रावर फरशीसारखी पसरायची. वेगवान आहे, पण नीट पाहिलं तर जाळीची नक्षी दिसते. १९७६ मध्ये फ्लॉइड आणि स्टाइनबर्ग यांनी चूक शेजाऱ्यांना वाटण्याची पद्धत आणली. पिक्सेल गोल करताना जी चूक होते तिचे सोळा भाग करायचे. सात उजवीकडच्याला, तीन खाली-डावीकडच्याला, पाच खालच्याला, एक खाली-उजवीकडच्याला. स्थिर चित्राला ती उत्तम आहे. हलत्या चित्रात मात्र एका पिक्सेलच्या बदलाने पुढचे सगळे बदलतात आणि चित्र थरथरतं.

साध्या यादृच्छिक नॉइजची एक खोड सांगायलाच हवी, कारण ती बहुतेक जण चुकवतात. खरी किंमत बरोबर १०० असेल तिथे अर्ध्या पातळीचा नॉइज काहीच बदलत नाही, आणि १००.५ च्या आसपास सर्वांत जास्त बदलतो. म्हणजे दाणे कुठे दाट, कुठे गायब. पट्ट्यांच्या जागी आता दाण्यांचे पट्टे येतात. उपाय असा की एकाऐवजी दोन यादृच्छिक आकडे घ्या, दोन्ही उणे ०.५ ते अधिक ०.५ यांमधले, आणि त्यांची बेरीज मिळवा. बेरीज उणे १ ते अधिक १ यांमध्ये जाते आणि शून्याजवळ जास्त वेळा पडते. याला त्रिकोणी नॉइज म्हणतात. एकूण दाणा थोडा वाढतो, पण सगळीकडे सारखा राहतो, आणि सारखा दाणा डोळा विसरून जातो.

फोटोशॉप, गिंप, कोरल

फोटोशॉपच्या ग्रेडियंट टूलमध्ये वरच्या पट्टीवर 'डिदर' अशी खूण असते. ग्रेडियंट फिल लेयर आणि ग्रेडियंट ओव्हरले यांतही ती वेगळी असते, त्यामुळे प्रत्येक ठिकाणी स्वतंत्रपणे तपासा. ही खूण असेल तर ८ बिटच्या फाइलमध्येही ग्रेडियंट काढतानाच डिदर होतो आणि साध्या आभाळाला तेवढं पुरतं.

पण त्या ग्रेडियंटवर पुढे कर्व्हज, लेव्हल्स, ब्लर, अर्धपारदर्शक लेयर असं काम करणार असाल तर १६ बिटमध्ये जा. ८ बिटमध्ये प्रत्येक क्रिया पुन्हा गोल करते. ४० पातळ्यांचा भाग ताणून १०० पातळ्यांइतका उजळ केला तर साठ जागा रिकाम्याच राहतात, आणि हिस्टोग्राम (कुठल्या पातळीचे किती पिक्सेल ते दाखवणारा आलेख) कंगव्याच्या दातांसारखा दिसतो. फोटोशॉपच्या १६ बिटमध्ये एका रंगाला ३२,७६९ पातळ्या मिळतात, त्यामुळे ताणायला भरपूर जागा असते. क्रम मात्र नीट लक्षात ठेवा. आधी मोड १६ बिट, मग ग्रेडियंट, मग बाकीचं काम, शेवटी नॉइज आणि त्यानंतरच ८ बिट. ८ बिटमध्ये काढलेला ग्रेडियंट नंतर १६ बिटमध्ये नेला तर पट्टे तसेच राहतात. फक्त त्यांना मोठं घर मिळतं.

नॉइजसाठी 'ॲड नॉइज' फिल्टर. ८ बिटची एक पातळी म्हणजे सुमारे ०.४ टक्के. स्क्रीनसाठी ०.५ ते १ टक्का पुरतो, फ्लेक्ससाठी १ पासून सुरुवात करा आणि लागलं तर २ पर्यंत जा. 'मोनोक्रोमॅटिक' खूण ठेवली तर दाणे राखाडी येतात, काढली तर रंगीत. एक-दीड टक्क्यापर्यंत फरक कळत नाही, त्यापुढे मोनोक्रोमॅटिकच ठेवा. नॉइज फक्त आभाळाच्या लेयरवर हवा. चेहऱ्यांवर तो टाकण्याची गरज नसते.

आकारमानाचा व्यावहारिक प्रश्न येतो. वीस बाय दहा फुटांची ७२ डीपीआयची फाइल १७,२८० बाय ८,६४० पिक्सेलची होते. ८ बिट आरजीबीत एकच लेयर सुमारे ४५० एमबी, १६ बिटमध्ये ९००. दुकानातल्या नेहमीच्या मशीनवर हे जड जातं. अशा वेळी पूर्ण फाइल १६ बिटमध्ये नेण्याचा हट्ट सोडा. आभाळ वेगळ्या फाइलमध्ये एकाच लेयरवर करा, ८ बिटला आणून सपाट करा आणि मग मुख्य फाइलमध्ये आणा. दाणा दिसेल ही भीती नको. ७२ डीपीआयचा पिक्सेल फ्लेक्सवर ०.३५ मिलिमीटरचा असतो, आणि साधारण चार फुटांपलीकडून चांगल्या डोळ्यालाही तो वेगळा दिसत नाही. फ्लेक्स त्यापेक्षा उंचच बांधलेला असतो.

गिंपमध्ये २.१० या आवृत्तीपासून, म्हणजे २०१८ पासून, 'प्रिसिजन' मेनूत १६ आणि ३२ बिट मिळतात, आणि ग्रेडियंट टूलच्या पर्यायांत 'डिदरिंग' आहे. पैसे न घालवता हे सगळं तिथे होतं.

कोरलड्रॉ हे फ्लेक्सच्या दुकानातलं रोजचं हत्यार आहे, आणि पट्ट्यांचं मूळही पुष्कळदा तिथेच असतं. फाउंटन फिल, म्हणजे कोरलमधला ग्रेडियंट, पायऱ्यांच्या हिशोबाने रंगते. तिथला 'स्टेप्स'चा आकडा कुणी कमी करून ठेवला असेल तर पट्टे आपणच मागून घेतलेले असतात, म्हणून तो आधी वाढवा. पण दोन रंगांमध्ये पातळ्याच ३२ असतील तर स्टेप्स कितीही वाढवून ३२ च्या पुढे काही मिळत नाही. म्हणून गडद आणि मोठं आभाळ कोरलमध्ये काढूच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. आभाळ फोटोशॉप किंवा गिंपमध्ये डिदरसह करा, टिफ म्हणून सेव्ह करा, कोरलमध्ये इम्पोर्ट करून सगळ्यात मागे ठेवा. नावं, बॉर्डर, लोगो हे सगळं कोरलमध्ये. टिफ जड होईल, आणि एलझेडडब्ल्यू दाबूनही फारसा हलका होणार नाही, कारण नॉइज दाबला जात नाही. ते सहन करा.

केलेल्या कामावर पाणी कुठे पडतं

डिदर हा पिक्सेलच्या पातळीवरचा नाजूक थर आहे. तो टाकल्यावर चित्राचा आकार बदलला की तो जातो. लहान केलं तर शेजारचे पिक्सेल सरासरीत मिसळतात, सॉफ्टवेअर पुन्हा गोल करतं आणि पट्टे परत येतात. मोठं केलं तर दाणे फुगून डागांसारखे दिसतात. म्हणून पाच फुटांच्या फाइलवर नॉइज टाकून ती वीस फुटांवर ताणायची नाही. शेवटचं माप ठरल्यावरच नॉइज.

जेपेग चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन करतो आणि त्यातले बारीक चढउतार आधी फेकतो. डिदर हा नेमका बारीक चढउतारच. कमी क्वालिटीत तो धुऊन जातो आणि पट्ट्यांबरोबर चौकोनही दिसायला लागतात. जेपेगच द्यायचा असेल तर फोटोशॉपची क्वालिटी ११ किंवा १२ ठेवा.

आणि व्हॉट्सॲप. डिझाइन मंजुरीसाठी पाठवलेला फोटो तिथे दाबला जातो, हे सगळ्यांना माहीत आहे. घोटाळा असा होतो की तोच दाबलेला फोटो कुणीतरी परत पाठवतो आणि तो छापायला जातो. छापायची फाइल डॉक्युमेंट म्हणूनच पाठवा. मग ती आहे तशीच पोचते.

रंगरूपांतरातही एक पायरी लपलेली असते. आरजीबीवरून सीएमवायके (छपाईच्या चार शाया) करताना फोटोशॉपच्या कलर सेटिंग्जमधली 'यूज डिदर' ही खूण असू द्या, किंवा १६ बिटमध्ये असतानाच रूपांतर करून घ्या.

लग्नपत्रिकेचं गणित थोडं वेगळं आहे. तिथे पातळ्या छपाईच्या जाळीवर ठरतात. प्लेट २,४०० डीपीआयची आणि जाळी १५० लाइनची (इंचाला ठिपक्यांच्या १५० ओळी) असेल तर एका ठिपक्याला १६ बाय १६ जागा मिळतात, म्हणजे कोऱ्या कागदासह २५७ छटा. ६०० डीपीआयच्या साध्या लेझर प्रिंटरवर १०० लाइनची जाळी लावली तर ६ बाय ६, फक्त ३७ छटा. ग्रेडियंटला पट्टे पडणारच. जाळी ६० लाइनवर आणली तर १०१ छटा मिळतात. ठिपका जाड होतो, पण ग्रेडियंट सावरतो.

स्क्रीन, एलईडी वॉल, व्हिडिओ

मॉनिटरही खोटं बोलू शकतो. स्वस्त पॅनेलमध्ये प्रत्येक रंगाला खऱ्या ६४ च पातळ्या असतात आणि मधल्या छटा पिक्सेल भरभर चालू-बंद करून भासवल्या जातात. माहितीपत्रकात १ कोटी ६७ लाखांऐवजी १ कोटी ६२ लाख रंग लिहिले असतील तर पॅनेल या जातीचं असतं. त्यावर चांगल्या फाइलमध्येही पट्टे दिसू शकतात. तसंच चित्र ३३ टक्क्यांवर पाहून निर्णय घेऊ नका. लहान करून दाखवताना सॉफ्टवेअर डिदर पुसतं. १०० टक्क्यांवरच पाहा.

डोळ्यावर विसंबण्यापेक्षा एक चाचणी करा. सगळ्यात वर लेव्हल्सचा ॲडजस्टमेंट लेयर टाका आणि पांढरा स्लायडर २५५ वरून ९० च्या आसपास ओढा. गडद आभाळ भगभगीत उजळेल. डिदर नसेल तर स्वच्छ कडांच्या पट्ट्या दिसतील. असेल तर एका छटेतून दुसरीत वाळू सांडावी तसे विखुरलेले दाणे दिसतील. पाहून झालं की तो लेयर काढायला विसरू नका.

यात्रेच्या किंवा लग्नाच्या स्टेजमागे लावतात त्या एलईडी वॉलवर अडचण जास्त असते. रात्री डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून ऑपरेटर ब्राइटनेस बराच खाली आणतो, आणि त्याबरोबर गडद बाजूच्या पातळ्या एकमेकींत मिसळून जातात. म्हणून वॉलच्या पार्श्वभूमीत तिन्ही रंग २० च्या खाली जातील असा ग्रेडियंट टाळा. शुद्ध काळा सपाट भाग चालतो, काळ्यातून हळूहळू उमलणारा निळा चालत नाही. शिवाय ४ मिलिमीटर पिचच्या (दोन पिक्सेलांतलं अंतर) वॉलचा पिक्सेल पुढच्या रांगेतून स्पष्ट दिसतो, तेव्हा एकाच जागी थिजलेला दाणा घाणीसारखा वाटतो. तिथे प्रत्येक फ्रेममध्ये बदलणारा नॉइज वापरा. एका सेकंदात २५-३० वेगवेगळे नमुने गेले की डोळाच त्यांची सरासरी काढतो. फाइल वॉलच्या नेमक्या पिक्सेलमापात द्या, नाहीतर प्रोसेसर ती ताणतो आणि मेहनत वाया जाते.

गेम किंवा वेबसाठी कोडमध्ये ग्रेडियंट काढणाऱ्यांना एक ओळीचं सूत्र उपयोगी पडेल. गेम ग्राफिक्समधले होर्हे हिमेनेस यांनी २०१४ मध्ये ते मांडलं. पिक्सेलचा आडवा क्रमांक ०.०६७११०५६ ने आणि उभा क्रमांक ०.००५८३७१५ ने गुणा, दोन्हींची बेरीज करा आणि फक्त अपूर्णांक ठेवा. त्याला ५२.९८२९१८९ ने गुणा, पुन्हा फक्त अपूर्णांक ठेवा. ० ते १ मधला आकडा मिळतो. त्यातून ०.५ वजा करा, २५५ ने भागा आणि रंगात मिळवा. ही बेरीज रंग बाहेर लिहिण्याच्या अगदी आधीची क्रिया असली पाहिजे. रंग शून्याला किंवा २५५ ला टेकतो तिथे नॉइजचा अर्धा भाग कापला जातो आणि छटा सरकते, म्हणून टोकांजवळ नॉइज कमी करत न्या.

व्हिडिओमध्ये ८ बिटच्या नेहमीच्या सिग्नलला उजेडाच्या १६ ते २३५, म्हणजे २२० च पातळ्या मिळतात. १० बिटमध्ये त्या ६४ ते ९४०, म्हणजे ८७७ होतात. लग्नाचा व्हिडिओ एडिट करताना टाइमलाइन आणि मास्टर फाइल १० बिटमध्ये ठेवली तर पुष्कळ सुटका होते. एफएफएमपेग या व्हिडिओच्या मोफत सॉफ्टवेअरमधला 'ग्रॅडफन' हा फिल्टर पट्टे बुजवून डिदर करतो. त्याची आपोआपची मापं म्हणजे ताकद १.२ आणि त्रिज्या १६. पण तो पाहताना वापरण्यासाठी आहे. तो लावून व्हिडिओ पुन्हा दाबला तर कॉम्प्रेशन डिदर खातं आणि पट्टे परत येतात. अपलोड करायच्या व्हिडिओत म्हणून थोडा जाड दाणा आणि जास्त बिटरेट, हेच खात्रीचं.

पट्ट्यांसकट आलेली फाइल

ग्राहक जुना जेपेग आणतो आणि म्हणतो हाच छापा. त्यावर सरळ नॉइज टाकला तर काय होतं? सगळे पिक्सेल आधीच पूर्णांक आहेत. १०० मध्ये अर्ध्या पातळीहून कमी काहीही मिळवून गोल केलं तर पुन्हा १०० च येतं. पट्टा झाकायचा तर बराच जाड नॉइज लागतो आणि आभाळ खरखरीत दिसतं. हरवलेला अपूर्णांक आधी परत तयार करावा लागतो.

फाइल १६ बिटमध्ये न्या. आभाळ सिलेक्ट करून वेगळ्या लेयरवर घ्या, आणि कळस, माणसं, अक्षरं यांच्या कडा मास्कने सांभाळा, नाहीतर त्यांचा रंग आभाळात पसरतो. आता गॉशियन ब्लर. त्रिज्या पट्ट्याच्या रुंदीच्या निम्म्याच्या आसपास, म्हणजे २७० पिक्सेलच्या पट्ट्याला १३० ते १५०. १६ बिटमध्ये असल्यामुळे ब्लरमधून आलेल्या मधल्या किमती टिकतात. मग १ टक्का नॉइज, मग ८ बिट. ब्लर ८ बिटमध्येच केला तर पट्टे फक्त जागा बदलतात.

आभाळात ढग नसतील तर याहून सोपं म्हणजे आयड्रॉपरने वरचा, मधला आणि खालचा रंग उचलायचा आणि नवा ग्रेडियंट काढून मागे ठेवायचा. दहा मिनिटांचं काम आहे, आणि ब्लरपेक्षा निकाल स्वच्छ येतो.

पूर्ण फ्लेक्स मशीनवर चढवण्याआधी एक फूट रुंदीची पट्टी पूर्ण दहा फूट उंचीत छापून घ्या. उंची कमी करू नका, कारण पट्टे उंचीतच लपलेले असतात. शाई वाळू द्या, पट्टी बाहेर उन्हात भिंतीला लावा आणि रस्ता ओलांडून पलीकडून पाहा. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली जे पट्टे दिसत नाहीत ते सोलापूरच्या उन्हात लगेच दिसतात.